चेहरे न दाखवता चढ-उतार कसा दाखवतात? 'दिएगो मॅराडोना' आणि जुन्या फुटेजमधून माहितीपट घडवण्याचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. आसिफ कपाडियांचा 'दिएगो मॅराडोना' (२०१९) पाहिला. दोन तास दहा मिनिटांत खुर्चीवर बसून बोलणारा एकही माणूस दिसत नाही, निवेदक नाही, तरीही एक खेळाडू वर कसा गेला आणि खाली कसा आला हे लख्ख कळतं. हे बांधलं कसं? आणि कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्यातल्या एखाद्या जुन्या फुटबॉलपटूवर याच पद्धतीनं काम करायचं तर सुरुवात कुठून करावी, काम कुठं फसतं?

आधी बांधणीचं बोलू, मग टेप आणि यंत्रांचं. बांधणी कळली नाही तर यंत्रं कितीही चांगली असोत, हाती गोलांची जंत्री उरते.

उताराचं फुटेज शोधायचं म्हटलं की बहुतेक जण शेवटच्या वर्षांकडं धावतात. अटक, बंदी, सुटलेलं शरीर, रडवेला चेहरा. हे सगळं वृत्तवाहिन्यांकडं ढिगानं मिळतं. अवघड असतं ते चढाच्या काळातलं असं दृश्य शोधणं, जे पहिल्यांदा पाहताना उत्सवाचं वाटतं आणि तासाभरानं आठवलं की अंगावर येतं. कपाडिया आणि त्यांचे संकलक ख्रिस किंग यांचं खरं काम तिथं दिसतं. ज्या गोष्टींनी मॅराडोनाला उचललं, त्याच गोष्टींनी पुढं त्याला खाली ओढलं, आणि प्रेक्षकानं त्या गोष्टी आधीच पाहिलेल्या असतात.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे ५ जुलै १९८४. नेपल्सच्या नापोली क्लबनं बार्सिलोनाकडून तेव्हाच्या विक्रमी किमतीला विकत घेतलेला मॅराडोना नेपल्सच्या सान पाओलो स्टेडियमवर येतो. सामना नाही, काही नाही, नुसतं त्याला पाहायला सुमारे ७५ हजार माणसं जमलेली. रस्त्यातून सुसाट धावणाऱ्या गाड्या, खिडकीतून दिसणारं शहर, धक्काबुक्की आणि खचाखच भरलेली पत्रकार परिषद. एक पत्रकार विचारतो की कॅमोरा, म्हणजे नेपल्सचं संघटित गुन्हेगारी जाळं, मॅराडोनाला ठाऊक आहे का, आणि इथला पैसा तिथून आलाय का. क्लबचे अध्यक्ष कोर्रादो फेर्लाइनो भडकतात आणि त्या पत्रकाराला बाहेर काढतात. मॅराडोना शेजारी बसलेला.

आता हे दृश्य कुठं ठेवलंय ते पाहा. कॅमोराच्या प्रकरणाची प्रस्तावना म्हणून ते तासाभरानंतर वापरता आलं असतं, सरळमार्गी संकलकानं तसंच केलं असतं. इथं ते सुरुवातीलाच, जल्लोषाच्या मधोमध येतं. कुणी त्यावर टिप्पणी करत नाही. प्रेक्षक ते मनात ठेवतो आणि पुढं जातो. नंतर फोर्चेल्ला भागातल्या, कॅमोरातल्या ज्युलियानो घराण्याबरोबरचे फोटो येतात, शिंपल्याच्या आकाराच्या बाथटबमधला तो प्रसिद्ध फोटोही येतो. तेव्हा वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

तुम्ही लॉग करायला, म्हणजे फुटेज पाहून त्याच्या नोंदी लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक दृश्यापुढं 'हे पुन्हा कधी आठवेल?' असा एक रकाना ठेवा. ज्या दृश्यांपुढं काहीतरी लिहिता आलं ती तुमच्या माहितीपटाची हाडं. बाकीचं मांस आहे, ते कमीजास्त करता येतं.

दुसरा निर्णय काळाचा. मॅराडोनाचा जन्म ३० ऑक्टोबर १९६०चा, मृत्यू २५ नोव्हेंबर २०२०चा. माहितीपट झाला तेव्हा तो हयात होता आणि त्याच्या नावावर पन्नासेक वर्षांचा फुटबॉलचा इतिहास होता. त्यातली सात वर्षं, १९८४ ते १९९१, आणि एक शहर निवडलं गेलं. बुएनोस आयरेसची वीया फियोरितो ही झोपडवस्ती, सोळावा वाढदिवस दहा दिवसांवर असताना अर्जेंटिनोस ज्युनियर्सकडून पहिला सामना, बार्सिलोनातली कावीळ, सप्टेंबर १९८३मध्ये बिल्बाओचा बचावपटू गोइकोएचेआनं मोडलेला घोटा, मे १९८४च्या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यानंतरची मैदानावरची हाणामारी, हे सगळं सुरुवातीला झपाट्यानं उरकलंय. १९९१ नंतरचा जवळपास सगळा काळ शेवटच्या काही मिनिटांत संपतो. १९९४च्या विश्वचषकातून उत्तेजकांमुळं झालेली हकालपट्टी हा एरवी स्वतंत्र माहितीपटाचा विषय, पण इथं तिला फारशी जागा नाही. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं. जन्मापासून सुरू करून मृत्यूपाशी थांबणारा आराखडा कागदावर पूर्ण दिसतो, पडद्यावर मात्र चढ आणि उतार यांच्यामध्ये इतकी वर्षं पडतात की एकाचा दुसऱ्याशी संबंध राहत नाही.

म्हणून खेळाडूच्या आयुष्यातला असा तुकडा शोधा ज्यात येणं आणि जाणं दोन्ही एकाच जागी घडलंय. नेपल्समध्ये तो ७५ हजारांच्या साक्षीनं आला आणि १ एप्रिल १९९१ला रात्री गाजावाजा न होता निघून गेला. तेच शहर, तेच रस्ते. ही जोडी हाताशी होती म्हणून बाकीची वर्षं सोडून देता आली.

तिसरी गोष्ट माणसाच्या दोन रूपांची. त्याचा व्यक्तिगत प्रशिक्षक फेर्नांदो सिन्योरिनी याचं निरीक्षण माहितीपटाचा कणा झालंय. दिएगो नावाचा लाजाळू, असुरक्षित पोरगा वेगळा, आणि जगाला तोंड देण्यासाठी उभा केलेला मॅराडोना वेगळा. पहिल्याबरोबर आपण कुठंही जाऊ, दुसऱ्याबरोबर एक पाऊलही टाकणार नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. नुसतं वाक्य म्हणून ते छान आहेच, पण संकलकाला त्याचा उपयोग चाळणीसारखा होतो. घरातल्या व्हिडिओत मुलीशी खेळणारा, आईवडिलांजवळ बसलेला माणूस एका बाजूला, कॅमेरा दिसताच छाती काढणारा दुसऱ्या बाजूला. जसजशी वर्षं सरतात तसतशी पहिल्या प्रकारची दृश्यं विरळ होत जातात. उतार हा असा प्रमाणातून दाखवता येतो, त्यासाठी दुःखी संगीत लागत नाही.

आता फुटेज. पाचशे तासांहून जास्त सामग्री त्यांच्याकडं होती आणि त्यातली बरीच आधी कुणी पाहिलेली नव्हती. ती का होती? मॅराडोनाचा पहिला एजंट होर्खे सितेर्स्पिलर यानं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याच्यावर एक चित्रपट करायचं ठरवून कॅमेरामन नेमले होते. तो चित्रपट झालाच नाही. टेपा मात्र राहिल्या, काही नेपल्सला, काही पत्नी क्लाउदियाच्या बुएनोस आयरेसच्या घरी. या कॅमेऱ्यांचं वैशिष्ट्य असं की ते चेंडूमागं न जाता माणसामागं जात. प्रक्षेपणाचा मुख्य कॅमेरा वर, लांब असतो. त्यात पास दिसतो, लाथ दिसत नाही. मैदानाच्या कडेला जमिनीलगत असलेल्या कॅमेऱ्यात घोट्यावर बसलेला बूट दिसतो, पडल्यावर तोंडातून निघणारी शिवी दिसते, उठताना हात कुठं टेकला ते दिसतं. दर रविवारी त्या शरीराला काय सोसावं लागत होतं हे एकदा दिसलं की इंजेक्शनं आणि पुढची नशा यांचा अर्थ लावायला निवेदक लागत नाही.

आपल्याकडं असा खजिना क्वचितच असतो, पण अगदीच नसतो असंही नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या तालमींच्या, म्हणजे पेठांच्या फुटबॉल संघांच्या, अंतिम सामन्यांचं चित्रण करणारा बहुधा लग्नाचं शूटिंग करणारा असायचा. तोही जमिनीलगतच उभा असायचा आणि आपल्या पेठेच्या खेळाडूवरून कॅमेरा हलवायचा नाही. दूरदर्शनच्या टेपेपेक्षा त्याची व्हीएचएस कॅसेट कधीकधी जास्त कामाची ठरते. तेव्हा आधी तालमीत जा, मग स्टुडिओ बंद करून बसलेल्या त्या शूटिंगवाल्यांच्या घरी. खेळाडूच्या घरचा माळा सगळ्यात शेवटी पाहा, कारण तिथं सत्काराचे फोटो असतात, रोजचं आयुष्य नसतं. गोव्यात क्लबांची कार्यालयं आणि मुंबईत रोव्हर्स कप या जुन्या फुटबॉल स्पर्धेच्या काळातल्या क्रीडा छायाचित्रकारांचे निगेटिव्ह हे दोन साठे हमखास दुर्लक्षित राहतात. छापलेला फोटो नको, निगेटिव्हची अखंड पट्टी मागा. छापून आलेल्या एका चित्राच्या आगेमागे पाचसहा न छापलेली असतात, आणि खेळाडूचा खरा चेहरा बहुधा त्यात सापडतो.

टेप हाती आली की लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कोकण, गोवा, मुंबईच्या हवेत हे अगदी नेहमीचं. तशी टेप चालवली की टेप वाचणारं हेड चोंदतं आणि त्याच यंत्रात घातलेल्या पुढच्या टेपांनाही लागण होते. ती आधी वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवा आणि साफ करणाऱ्याकडंच द्या. काही जुन्या यू-मॅटिक (व्यावसायिक व्हिडिओ कॅसेटचा एक प्रकार) टेपांचा लेप ओलावा शोषून चिकट होतो. टेप किरकिरते, मध्येच थांबते, हेडवर तपकिरी थर बसतो. त्यावर उपाय म्हणजे ५० अंश सेल्सियसच्या आसपास नियंत्रित उष्णतेत कित्येक तास ठेवून ओलावा काढणं. घरच्या ओव्हनमध्ये हे कधीच करू नये, तापमान वीसेक अंश वर गेलं तरी टेप वाकडी होते. चांगल्या टेपांच्या बाबतीत एवढं करा: कॅसेटच्या कडेचा रेकॉर्डिंगचा टॅब मोडून टाका म्हणजे चुकून पुसली जाणार नाही, एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळा, मग पहिल्याच वाजवणीत डिजिटल प्रत करा. दुसऱ्यांदा ती वाजेलच याची खात्री नसते.

प्रत करताना टाइम बेस करेक्टर, म्हणजे टेपवरून येणारं चित्र स्थिर करणारं यंत्र, मध्ये हवाच, नाहीतर चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा फडफडतो. शक्य तर फाइल दहा बिट ४:२:२ अनकम्प्रेस्ड (न दाबलेली) किंवा एफएफव्ही१ (काहीही न गमावता दाबलेली) ठेवा. जागा कमी असेल तर प्रोरेस ४२२ एचक्यू चालेल, त्यात साध्या पाल (PAL, भारतातली जुनी टीव्ही पद्धत) चित्राला तासाला साधारण २८ जीबी लागतात. म्हणजे ५० तासांना दीड टेराबाइटच्या आत, आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत. डीव्हीडीवर उतरवून घेतलेली प्रत स्वीकारू नका. त्या दाबलेल्या चित्रात गवत म्हणजे हिरव्या चौकोनांचा चिखल होतो आणि चेंडू त्यात बुडतो.

फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो चित्राच्या प्रणालीचा. इटली आणि भारत दोन्हीकडं ६२५ ओळींची, सेकंदाला ५० अर्धचित्रांची (एकाआड एक ओळींचं निम्मं चित्र म्हणजे अर्धचित्र) पाल पद्धत होती. मेक्सिकोत ५२५ ओळी आणि सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रं. १९८६च्या विश्वचषकाचं चित्रण त्या दुसऱ्या पद्धतीचं होतं, आणि आपल्याला जे दिसलं ते रूपांतर केलेलं. त्या काळच्या रूपांतरात दोन चित्रं एकमेकांत मिसळली जात, त्यामुळं वेगानं जाणाऱ्या चेंडूला सावली येते, एकाचे दोन चेंडू दिसतात. २२ जून १९८६च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात ५१व्या मिनिटाचा हातानं केलेला गोल दाखवताना हात की डोकं हेच महत्त्वाचं असेल, तर रूपांतरित प्रत घेऊन काय उपयोग? मूळ पद्धतीची प्रत मागा आणि रूपांतर आजच्या साधनांनी स्वतः करा.

अर्धचित्रांचं दुसरं एक गुपित आहे आणि ते फार थोडे संकलक वापरतात. पाल टेपमध्ये सेकंदाला २५ चित्रं दिसत असली तरी हालचालीचे ५० वेगवेगळे क्षण नोंदलेले असतात. क्यूटीजीएमसीसारख्या चांगल्या फिल्टरनं ते उलगडून ५० पूर्ण चित्रं करा आणि २५च्या टाइमलाइनवर ठेवा. तुम्हाला निम्म्या वेगाची अस्सल संथ गती मिळते, संगणकानं कल्पून भरलेली नाही. पायाला चेंडू लागतानाचा क्षण असा उघडला की १९८४चं चित्रही ताजं वाटतं. फक्त अर्धचित्रांचा क्रम तपासा. पाल डीव्हीत (छोटी डिजिटल कॅसेट) खालची ओळ आधी, बाकी बहुतेक पाल प्रतींत वरची आधी. क्रम चुकला तर धावणारा माणूस पुढं-मागं पुढं-मागं थरथरतो, आणि लोक टेप खराब आहे असं समजून चांगलं दृश्य फेकून देतात.

४:३चं चित्र १६:९ चौकटीत भरायचा मोह आवरा. वर-खाली कापलं की ५७६पैकी ४३२ ओळी उरतात, म्हणजे चौथा हिस्सा गेला. चित्रात फक्त चेहरा असेल तर एकवेळ चालतं, खेळात नेमके पाय आणि चेंडू कापले जातात. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. कृत्रिम बुद्धिमत्तेनं चेहरे 'स्वच्छ' करून घेणं तर माझ्या मते या प्रकारच्या कामात वर्ज्यच. चित्रात नसलेले डोळे, नसलेले दात ते साधन स्वतःच्या मनानं बसवतं. ज्या माहितीपटाचं सगळं बळ 'हे खरंच असं घडलं' यावर उभं आहे, त्यात नायकाचा चेहराच कल्पित असेल तर प्रेक्षकाची ती फसवणूक आहे.

आवाजाकडं वळू, कारण निम्मा माहितीपट तिथं घडतो.

प्रत करताना दोन्ही ध्वनिपट्टे वेगवेगळे उतरवा, एकत्र मिसळू नका. यू-मॅटिकवर दोन वाहिन्या असतात. कित्येकदा एकीवर समालोचन आणि दुसरीवर नुसता मैदानाचा आवाज असतो. मिसळून एक केलात की तो मैदानाचा आवाज कायमचा गेला. प्रक्षेपण कंपनीकडून सामना घेताना 'आंतरराष्ट्रीय ध्वनी', म्हणजे समालोचनाविना असलेला पट्टा आहे का हे आवर्जून विचारा. नसेल तर गर्दीचा आवाज दुसरीकडून आणावा लागतो आणि त्यात एक धोका आहे. इटालियन गर्दीवर इंग्लिश गर्दी लावली की जाणकाराला पाच सेकंदांत कळतं, घोषणांची लयच वेगळी. कोल्हापूरच्या सामन्याला युरोपातला 'ओ' लावलेला तर शेंबडं पोरही ओळखेल. चेंडूचा ठोका, श्वास, बुटांचा कचकच आवाज नव्यानं रेकॉर्ड करून मिसळायला हरकत नाही, सगळेच करतात. फक्त तो चित्रातल्या अंतराला साजेसा हवा. कॅमेरा गॅलरीत आणि श्वास कानाशी, असं झालं की खोटेपणा जाणवतो.

मुलाखती. चेहरे न दाखवण्याचा निर्णय सौंदर्याचा वाटतो, पण त्याचे व्यवहारी फायदेही मोठे आहेत. दिवे, कॅमेरा, मेकअप नसला की माणूस सैलावतो. त्याच माणसाकडं महिन्यानं परत जाता येतं, कपडे जुळवावे लागत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रेक्षक १९८७मधल्या तरुण देहाकडं पाहत राहतो, आजच्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडं पाहून 'हा वाचला म्हणजे' असा निःश्वास त्याला सोडता येत नाही. किंमत एवढीच की बोललेलं प्रत्येक वाक्य झाकायला चित्र लागतं. बोलणं नव्वद मिनिटांचं आणि चित्र चाळीस मिनिटांचं असेल तर ही पद्धत घेऊ नका, चक्क चेहरे दाखवा.

मायक्रोफोन प्रत्येक बैठकीला तोच, तोंडापासून तेवढ्याच अंतरावर. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पंखा बंद, फ्रीज बंद, आणि उठण्यापूर्वी त्या खोलीची तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा, वाक्यं जोडताना तीच कामी येते. क्रमही ठरवून घ्या. कडेची माणसं आधी: मसाजवाला, ड्रायव्हर, गोलरक्षक, पत्रकार. मग घरचे. नायक सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याच्या ठरीव गोष्टीला धरून खोलात जाता येतं. मॅराडोनानं तेच किस्से आयुष्यभर सांगितले होते. कपाडिया त्याच्याशी दुबईत बोलले तेव्हा नेपल्सच्या त्या वर्षांचं फुटेज आणि बाकीच्यांची बोलणी त्यांच्या पाठीशी होती. नायकाला 'त्या वेळी कसं वाटलं?' विचारू नका, उत्तर पाठ असतं. 'त्या सोमवारी सकाळी उठून कुठं गेलात?' असं विचारा. नेपल्समधला त्याचा आठवड्याचा क्रम असाच बाहेर येतो: रविवारी सामना, रात्रीपासून पार्टी आणि नशा, ती बुधवारपर्यंत, मग पुढच्या सामन्यासाठी शरीर साफ करायची धडपड. व्यसनावरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा हे वेळापत्रक जास्त सांगतं.

लॉगिंगचा वेळ लोक फार कमी धरतात. एक तास नीट पाहून, टाइमकोडसह लिहायला तीन तास लागतात. पाचशे तासांचे दीड हजार, म्हणजे एका माणसाला रोज आठ तासांप्रमाणं कामाचे १८७ दिवस. तुमच्याकडं पन्नास तास असतील तर तीन आठवडे फक्त याला ठेवा, आणि लिहिणारा माणूस ती बोली समजणारा हवा. नेपल्सची बोली प्रमाण इटालियन जाणणाऱ्यालाही जड जाते. गोव्यातल्या ड्रेसिंग रूममधलं कोंकणी मराठी माणसाला ऐकून कळतं असं वाटतं आणि नेमकी खोच निसटते.

सामने कापताना मोठी चूक होते ती गोलांची माळ लावण्याची. चौथ्या गोलानंतर प्रेक्षक बधिर होतो. प्रत्येक सामन्याला एकच प्रश्न द्या आणि तो सुटला की सामना सोडा. १६ सप्टेंबर १९८४, वेरोना, नापोलीचा ३-१ पराभव. इथं प्रश्न आहे, उत्तरेकडची इटली या दक्षिणेच्या लोकांना काय समजते? त्याचं उत्तर फलकांवर आणि घोषणांत आहे. मग पुढं युव्हेंटसला हरवणं म्हणजे नुसते गुण राहत नाहीत. १० मे १९८७, फिओरेंतिनाशी १-१, नापोलीचं पहिलं अजिंक्यपद. इथला प्रश्न शहराचा आहे, म्हणून कॅमेरा रस्त्यावर जातो. दफनभूमीच्या भिंतीवर मेलेल्यांसाठी लिहिलं गेलं की तुम्ही काय गमावलंत ते तुम्हाला कळणार नाही. या दोन तारखांच्या मध्ये, सप्टेंबर १९८६मध्ये, क्रिस्तियाना सिनाग्राला मुलगा झाला, आणि तो आपला असल्याचं मॅराडोना वर्षानुवर्षं नाकारत राहिला. मेक्सिकोतला विश्वविजय जूनचा, हा नकार सप्टेंबरचा. चढाच्या शिखरावरच ही फट पडते, आणि माहितीपट तिथं थांबतो हे मला त्यातलं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं. संघातले बाकीचे खेळाडू आणि प्रशिक्षक ओत्ताव्हियो बियांकी मात्र जवळपास पार्श्वभूमीलाच राहतात. एका माणसावर एवढं लक्ष ठेवलं की हे नुकसान सोसावं लागतं.

खाली येण्याचा भाग बांधताना आधी नुसत्या तारखा कागदावर मांडा. मे १९८९, यूएफा चषक जिंकला, आता जाऊ द्या असं म्हणतो, अध्यक्ष सोडत नाहीत. एप्रिल १९९०, दुसरं अजिंक्यपद. ३ जुलै १९९०, विश्वचषकाची उपांत्य फेरी, इटली विरुद्ध अर्जेंटिना, आणि सामना नेमका सान पाओलोवर. सामन्याआधी तो नेपल्सकरांना सांगतो की वर्षभर तुम्हाला परकं मानणारी इटली आज तुमचा पाठिंबा मागतेय. १-१, मग पेनल्टींवर ४-३, आणि त्यातला एक गोल त्याचा. ८ जुलै, रोममध्ये अंतिम सामन्याआधी अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडते आणि कॅमेऱ्यासमोर त्याच्या ओठांवर शिवी येते. १९९१च्या सुरुवातीला पोलिसांनी टिपलेली फोनवरची संभाषणं. १७ मार्च १९९१, बारीविरुद्धच्या सामन्यानंतर चाचणीत कोकेन. पंधरा महिन्यांची बंदी. १ एप्रिलला प्रस्थान. ३ जुलैपासून मोजलं तर नऊ महिनेसुद्धा झाले नाहीत. कोकेन आधीपासून होतं, कॅमोराची ऊठबस आधीपासून होती, अनौरस मुलाचा प्रश्न आधीपासून होता. बदललं ते एवढंच की झाकणारे हात निघून गेले. हे कारण सांगायला तज्ज्ञ लागत नाही, तारखा जवळजवळ ठेवल्या की पुरतं. उलट इथं कट लांबवा. नापोलीच्या शेवटच्या हंगामातल्या एका मेजवानीत त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा बराच वेळ थांबतो, आजूबाजूला गोंगाट आणि डोळे कुठंच नाहीत. तीन सेकंदांत कापलं असतं तर ते पार्टीचं चित्र झालं असतं.

हक्कांचं काम पहिल्या दिवसापासून समांतर चालवा. टेप तुमच्याकडं असणं आणि ती वापरायचा हक्क असणं या दोन अलग गोष्टी आहेत. चित्रण करणारा, स्पर्धेचा आयोजक, प्रक्षेपण करणारी वाहिनी आणि मागं वाजणाऱ्या गाण्याचा मालक, असे चार जण एकाच दृश्याचे धनी असू शकतात. भारतात प्रसारणाचा हक्क २५ वर्षं टिकतो, पण चित्रमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा असतो. म्हणून १९९०चं प्रक्षेपण आता मोकळं झालं असं समजू नका. परवाना बहुधा सेकंदावर किंवा मिनिटावर मिळतो. नव्वद मिनिटांच्या माहितीपटात वीस मिनिटं सामने म्हणजे १२०० सेकंद. रफ कट (कच्चं संकलन) लॉक करण्यापूर्वी हा गुणाकार करा, नंतर केला तर आवडती दृश्यं काढावी लागतात.

नायकाशी करार करताना अंतिम संकलनाचा अधिकार तुमच्याकडं राहील हे लिहून घ्या. त्याला चुका दाखवायचा हक्क द्या, दृश्यं काढायचा नको. २०१९मध्ये मॅराडोना पोस्टरवरच्या एका शब्दावरून नाराज झाला, कान महोत्सवाला आला नाही आणि लोकांना हा माहितीपट पाहू नका असं म्हणाला. कात्री त्याच्या हातात असती तर सिनाग्राचा भाग टिकला असता का, हा विचार करा. व्यसन, पैसा, गुन्हेगारांशी संबंध याबाबत मात्र एकाच्या तोंडच्या शब्दावर काहीही ठेवू नका. न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत, महासंघाचं बंदीचं पत्र, त्या दिवशीचं वर्तमानपत्र, यांतलं काहीतरी हातात हवं. नसेल तर ते वाक्य कितीही दमदार असलं तरी काढा. खेळाडू हयात नसेल तर त्याच्या कुटुंबाला अंतिम प्रत प्रदर्शनाआधी दाखवा, आणि ती वकिलानं पाहून झाल्यावर, आधी नाही.

पहिली चाचणी प्रेक्षकांना दाखवताना निम्मे लोक फुटबॉल न कळणारे बसवा. पत्रकार परिषदेसारखं जे दृश्य तुम्ही सुरुवातीला पेरलंय ते शेवटी त्यांना आपणहून आठवतं का एवढंच विचारा. आठवत नसेल तर ते दृश्य लांबवू नका. त्याच्या आधीचा गोंगाट दोन-तीन सेकंद कमी करा, म्हणजे प्रश्न नीट ऐकू येईल.